रेडिओथेरपी टाळता येते का? टाटा रुग्णालयातल्या ६३३ बायकांचे प्रकरण

गावाजवळ रेडिओथेरपीचे यंत्र नाही म्हणून कॅन्सरचा रुग्ण सरळ घरी परतला, इतके उघड चित्र फारसे दिसत नाही. यंत्राच्या जागी दुसरे काहीतरी दिले जाते. आधी केमो आणि मग ऑपरेशन, किंवा नुसतेच ऑपरेशन, किंवा वेदनाशामक गोळ्या आणि पुढची तारीख. फाइलवर ‘उपचार केले’ अशी नोंद होते आणि न मिळालेली रेडिओथेरपी कुठल्याच रजिस्टरात चढत नाही. म्हणून तिच्या कमी वापराचा हिशेब मांडायचा तर यंत्रे मोजून भागत नाही. तिच्या जागी काय दिले गेले आणि त्याने रोग्याचे काय झाले, हे पाहावे लागते.

असा हिशेब आपल्याच मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाला आहे. सप्टेंबर २००३ ते फेब्रुवारी २०१५ या काळात गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या ६३५ बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. त्यांतल्या ६३३ जणींची माहिती शेवटच्या विश्लेषणात आली. एका गटाला केमो आणि रेडिओथेरपी एकत्र दिली, दुसऱ्याला आधी केमो देऊन मग मोठे ऑपरेशन केले. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅन्सरतज्ज्ञांत या चाचणीची चर्चा भरपूर झाली, पण ज्यांच्याकडे अशी बाई सर्वांत आधी जाते त्या तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत आणि घरच्या माणसांपर्यंत ती पोचली आहे असे मला वाटत नाही.

हाच आजार निवडण्याला कारण आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो आणि जवळपास ऐंशी हजार जणी त्याने दगावतात. सगळे कॅन्सर एकत्र धरले तर साधारण निम्म्या रुग्णांना आजाराच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर रेडिओथेरपी लागते. गर्भाशयमुखाच्या बाबतीत आपल्याकडे हे प्रमाण त्याहून पुष्कळ जास्त असते, कारण बहुतेक बायका येतात तेव्हा गाठ ऑपरेशनच्या पलीकडे गेलेली असते. अंगावरून पांढरे जाते, मग संबंधानंतर रक्त जाते, मग पाळी गेल्यावरही रक्त जाते, आणि तोवर घरात कोणाला सांगितलेले नसते.

रेडिओथेरपी इथे काय करते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. उपचाराचे दोन भाग असतात. पहिल्या भागात यंत्र बाहेरून ओटीपोटावर किरण सोडते. आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे, एकूण मात्रा ४५ ते ५० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचे माप). रोजचे काम टेबलावर दहा-पंधरा मिनिटांचे, त्यात काही दुखत नाही. सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाइन. दुसरा भाग ब्रॅकीथेरपीचा, म्हणजे आतून द्यायच्या शेकाचा (रेडिओथेरपीला बोलीत ‘शेक’ म्हणतात). गर्भाशयाच्या पोकळीत एक बारीक नळी सरकवतात आणि तिच्यातून इरिडियमचा तांदळाच्या दाण्याएवढा किरणोत्सारी स्रोत काही मिनिटांसाठी थेट गाठीजवळ नेतात. मात्रा गाठीवर प्रचंड पडते आणि दोन-चार सेंटीमीटरवर असलेल्या मूत्राशयाला आणि गुदाशयाला त्या मानाने बरीच कमी. बाहेरून एवढी मात्रा दिली तर आतडे जळून जाईल. म्हणून हा दुसरा भाग वगळला की पहिल्या पाच आठवड्यांचे कष्ट अर्धेमुर्धे वाया जातात. दोन्ही भाग मिळून आठ आठवड्यांत संपायला हवेत. जुन्या अभ्यासांचा अंदाज असा की त्यापुढे लांबणाऱ्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता अर्धा ते एक टक्क्याने घसरते.

आता प्रश्न असा, की टाटाने ही चाचणी सुरू का केली? १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने डॉक्टरांना खास सूचना पाठवली, की या आजारात नुसत्या रेडिओथेरपीपेक्षा सोबत केमो दिलेली चांगली. त्याच सुमारास इटलीतून वेगळी बातमी आली: आधी केमो देऊन गाठ लहान केली आणि मग मूलगामी, म्हणजे गर्भाशयासह आजूबाजूच्या ऊतीही काढणारे, ऑपरेशन केले, तर तेही नुसत्या रेडिओथेरपीपेक्षा सरस ठरते. म्हणजे जुन्या पद्धतीला मागे टाकणारे दोन उपचार तयार झाले, पण त्या दोघांची एकमेकांशी तुलना कोणी केली नव्हती. यंत्रे कमी असलेल्या देशांना दुसरा उपचार मोहक वाटणार हे उघड होते. केमोला सलाइनचा स्टँड आणि खाट लागते, ऑपरेशनला थिएटर लागते. किरणोत्सारी स्रोत, जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, यांपैकी काहीही लागत नाही.

मोह फक्त डॉक्टरांना होता असेही नाही. ‘गाठ काढून टाका, मोकळे करा’ ही नातेवाइकांची पहिली मागणी असते. शेकाबद्दल भीती असते. ‘करंट दिला की बाई जळते’, ‘शेवटच्याला करंट देतात’ अशी वाक्ये वॉर्डात ऐकू येतात. ऑपरेशन एका दिवसात होते आणि डोळ्यांना दिसते. शेक दोन महिने चालतो आणि काहीच दिसत नाही.

चाचणीत घेतलेल्या बायकांचा रोग मधल्या टप्प्यांचा होता. गाठ चार सेंटीमीटरहून मोठी पण गर्भाशयमुखापुरती, किंवा योनीच्या वरच्या भागात उतरलेली, किंवा बाजूच्या ऊतींत शिरलेली. ओटीपोटाच्या भिंतीला चिकटलेली नाही. ऑपरेशन गटाला पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन या औषधांच्या तीन फेऱ्या, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने दिल्या, मग गर्भाशय आणि आजूबाजूच्या ऊती लसिकाग्रंथींसह काढल्या. ऑपरेशन करणारे हात देशातल्या सर्वांत सरावलेल्या हातांपैकी होते, हे लक्षात ठेवायला हवे. रेडिओथेरपीला पर्याय द्यायचा असेल तर तो याहून चांगल्या परिस्थितीत देता आला नसता.

पाच वर्षांनी रोगमुक्त होत्या त्यांचे प्रमाण रेडिओथेरपी गटात ७६.७ टक्के, ऑपरेशन गटात ६९.३ टक्के. शंभर बायकांमागे सात-आठ जणींचा फरक, आणि तो योगायोगाने पडला असावा असे म्हणण्याजोगा नव्हता. यानंतर युरोपातल्या सव्वासहाशे बायकांवरच्या तशाच चाचणीतही ऑपरेशनचा मार्ग सरस ठरला नाही.

पण हयात असलेल्यांचे प्रमाण मोजले तेव्हा फरक नाहीसा झाला. पाच वर्षांनी ऑपरेशन गटात ७५.४ टक्के बायका जिवंत होत्या, रेडिओथेरपी गटात ७४.७ टक्के. या आकड्याचा आधार घेऊन कोणी म्हणेल, मग काय बिघडले? रोग थोडा जास्त उलटला, पण माणूस तर वाचला. माझ्या मते या प्रकरणाची खरी गोम इथेच आहे, आणि ती आकड्यांत न दिसता आराखड्यात दिसते. ‘ऑपरेशन गटा’तल्या सगळ्या बायकांचे ऑपरेशन झालेच नाही, सुमारे ७२ टक्के जणींचेच झाले. केमोने गाठ पुरेशी लहान झाली नाही अशा बायकांना शेवटी रेडिओथेरपीच दिली गेली. ज्यांचे ऑपरेशन झाले त्यांच्यापैकीही काहींना, काढलेल्या ऊतींत धोक्याची चिन्हे दिसल्यामुळे, नंतर शेक घ्यावा लागला. आणि रोग उलटला तेव्हा ओटीपोटाला पूर्वी किरण न लागलेल्या बाईला रेडिओथेरपी देण्याची वाट मोकळी असते; जिला एकदा पूर्ण मात्रा दिली तिला ती सहसा पुन्हा देता येत नाही.

म्हणजे ऑपरेशनचा पर्याय उभा राहिला तो रेडिओथेरपीच्या भिंतीला पाठ टेकून. त्याच इमारतीत, काही मजल्यांच्या अंतरावर, यंत्र चालू होते. जिथे ते नाही तिथे हाच पर्याय दिला तर हयातीचे आकडे तसेच येतील, असे ही चाचणी कुठेही सांगत नाही. तसे मोजून कोणी पाहिलेले नाही. हे माझे अनुमान आहे. पण ज्या बाईची गाठ तीन फेऱ्यांनंतरही हटली नाही तिला यंत्र नसलेल्या गावी काय द्यायचे, या प्रश्नाचे उत्तर ‘आणखी केमो’ असेच असते, आणि त्याने ती बरी होत नाही.

रेडिओथेरपीची बाजू घेताना तिची किंमतही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवी. उपचारानंतर दोन वर्षांनी योनीचे दुष्परिणाम रेडिओथेरपी गटात २५.६ टक्के बायकांत होते, ऑपरेशन गटात १२ टक्क्यांत. गुदाशय आणि मूत्राशयाचे त्रास दोन्हीकडे थोडेच, साडेतीन टक्के किंवा त्याहून कमी. योनीचे दुष्परिणाम म्हणजे मार्ग अरुंद होणे, कोरडा पडणे, चिकटणे. पस्तिशीच्या बाईला त्याचा अर्थ काय होतो, हे ओपीडीच्या गर्दीत तिला कोणी सांगत नाही आणि तीही विचारत नाही. शेक संपल्यावर डायलेटर, म्हणजे योनीचा मार्ग चिकटू नये म्हणून आत घालायची गुळगुळीत कांडी, वापरायचा असतो, तो कसा आणि किती महिने, हे समजावून सांगायला पाच निवांत मिनिटे आणि एक बोलकी नर्स लागते. शिवाय किरणांमुळे अंडाशय बंद पडतात, तरुणपणीच पाळी जाते. ऑपरेशनमध्ये काही वेळा अंडाशय राखता येतात. लहान गाठ असलेल्या तरुण बाईला ऑपरेशनच सुचवले तर त्यात चूक काही नाही. गाठ चार सेंटीमीटरच्या आत असेल तेव्हा ऑपरेशन हा मान्य आणि चांगला उपचार आहे. वाद आहे तो त्यापुढच्या टप्प्यांचा, आणि आपल्याकडच्या बायका मोठ्या संख्येने त्यापुढच्याच टप्प्यांत येतात.

परळबाहेर या पर्यायाचे रूप आणखी घसरते. मूलगामी ऑपरेशन येणारे शल्यविशारदही थोडेच, त्यामुळे पुष्कळदा होते ते साधे ‘पिशवी काढणे’. रक्त जाते म्हणून, गर्भाशयमुखाचा तुकडा तपासायला न पाठवताच पिशवी काढली जाते आणि आठवड्याने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो: कॅन्सर. आता बाई रेडिओथेरपीसाठी येते, पण ब्रॅकीथेरपीची नळी ज्या पोकळीत सरकवायची ती पोकळीच उरलेली नसते. रिकाम्या जागेत आतडी उतरून बसलेली असतात, म्हणजे बाहेरून किरण देतानाही हात आखडावा लागतो. रेडिओथेरपी न मिळण्याचे हे सर्वांत क्रूर रूप आहे: यंत्र आहे, पण ते पूर्ण ताकदीने वापरण्याची सोय ऑपरेशनने काढून नेलेली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ ही भीती तिथेही कामाला आली होती. कॅन्सर नसताना त्याच्या नावाने पिशव्या निघतात, आणि खराच कॅन्सर असताना त्याची तपासणी न करता. दोन्हींच्या मुळाशी तुकडा तपासण्याचा कंटाळा आहे, आणि तपासणी काही फार महाग नाही.

मग रेडिओथेरपी दिली तर किती पदरात पडते? त्याचे उत्तरही टाटाच्याच दुसऱ्या चाचणीत आहे. तिथल्या बायकांचा रोग आणखी पुढचा होता: गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेली किंवा मूत्रनलिका दाबून मूत्रपिंडाला सूज आणणारी. यांचे ऑपरेशन कोणी करत नाही. २००३ ते २०११ या काळात ८५० बायकांपैकी निम्म्यांना नुसती रेडिओथेरपी आणि निम्म्यांना सोबत सिस्प्लॅटिन दिले. पाच वर्षांनी नुसत्या रेडिओथेरपीच्या गटात ४६ टक्के हयात होत्या, सिस्प्लॅटिनच्या गटात ५४ टक्के. चर्चा झाली ती या आठ टक्क्यांची, केमोने घातलेल्या भरीची. मला त्याखालचे ४६ जास्त बोलके वाटतात. ‘लास्ट स्टेज’ म्हणून ज्यांना गावाकडे परत नेले जाते, त्यांच्यातल्या शंभरातल्या शेहेचाळीस जणी नुसत्या किरणांवर पाच वर्षांनी घरात वावरत असतात. उपचार न मिळालेल्या बाईला हा रोग ओटीपोटातच गाठतो. मूत्रपिंडे बंद पडतात, रक्तस्राव थांबत नाही, लघवीची आणि शौचाची वाट योनीत फुटते. दुर्गंधीमुळे तिला घरातल्या घरात वेगळे ठेवले जाते. आणि बरे करणे शक्य नसते तेव्हाही थोड्या दिवसांचा शेक रक्त थांबवतो. हाडात पसरलेल्या कॅन्सरची कळ तर ८ ग्रेच्या एकाच मात्रेने साधारण दहांपैकी सहा जणांची कमी होते. एक दिवसाचे काम. तेही किती रुग्णांना सुचवले जात नाही!

यंत्र ‘आहे’ म्हणजे काय, हेही तपासून पाहावे लागते. बाहेरून किरण देणाऱ्या कोबाल्ट यंत्रातल्या किरणोत्सारी स्रोताची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते. स्रोत वेळेवर बदलला नाही तर प्रत्येक रुग्णाला टेबलावर दुप्पट वेळ लागतो, दिवसाला निम्मे रुग्ण होतात आणि रांग वाढते. कागदावर मात्र यंत्र चालू असते. ब्रॅकीथेरपीचा इरिडियम त्याहून नाजूक, ७४ दिवसांत निम्मा. तीन-चार महिन्यांनी नवा स्रोत विकत घ्यावाच लागतो. त्याची फाइल खरेदी विभागात अडकली, की पाच आठवडे बाहेरचा शेक संपवून बसलेल्या बाया ताटकळतात आणि आठ आठवड्यांची मुदत निघून जाते. ब्रॅकीसाठी कोबाल्टचे स्रोत असलेली यंत्रेही मिळतात, वर्षानुवर्षे चालतात. लहान शहरातल्या सरकारी रुग्णालयाने तीच घ्यावीत असे माझे मत आहे. बाहेरच्या शेकासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे देशी कोबाल्ट यंत्र बनवले, ते याच विचाराने. विजेवर किरण तयार करणारा लिनिअर ॲक्सिलरेटर अधिक नेमका, पण त्याला अखंड वीज, थंड हवा आणि महागडा देखभाल करार लागतो. बंद पडलेल्या ॲक्सिलरेटरपेक्षा चालू कोबाल्ट केव्हाही बरा.

पैशाची बाजू महाराष्ट्रात निदान कागदावर सुटली आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिओथेरपीचा समावेश आहे. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाताना भाड्यात सवलत देते. मुंबईत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा टाटाला येणाऱ्यांना वर्षानुवर्षे आसरा देते आहे. योजनेत जे बसत नाही ते म्हणजे दोन महिन्यांची मजुरी, बाईची आणि तिच्यासोबत आलेल्याची. शेक रोज असतो, शनिवार-रविवार सोडून, म्हणून मध्ये गावी जाऊन येता येत नाही. घरी पोरे, जनावरे, पेरणीचे दिवस. दोन आठवड्यांनी जरा रक्त थांबले की ‘आता बरे वाटते’ म्हणून बाई निघून जाते. तिची गणना ‘उपचार अर्धवट सोडलेला रुग्ण’ अशी होते, जणू दोष तिचाच.

बार्शीचे उदाहरण यासाठी आठवते. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे एक लाख एकतीस हजार बायकांवर गर्भाशयमुखाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला, त्याचा हा तळ. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू शोधणाऱ्या तपासणीने, या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षाने जगाचे धोरण बदलायला मदत केली. श्रेय चाचणीला मिळते, ते योग्यच. पण सापडलेल्या बाईला पाठवायला एसटीच्या पल्ल्यात एक कॅन्सर रुग्णालय होते, हेही त्या निकालात धरायला हवे. तपासणीची शिबिरे भरवणे सोपे असते. रिपोर्ट आल्यावर जायचे कुठे, याचे उत्तर शिबिराच्या आधी ठरलेले असावे लागते.

टाटाच्या चाचणीतल्या केमोची गोष्ट पुढे वेगळ्याच वळणाने गेली. २०२४ मध्ये पाच देशांतल्या पाचशे बायकांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्या पाचांत भारतही होता. औषधे तीच, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, पण दर आठवड्याला थोडी थोडी, सहा आठवडे. आणि त्यानंतर ऑपरेशन नाही, तर सातव्या आठवड्यात लगेच केमोसह पूर्ण रेडिओथेरपी. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेले. रेडिओथेरपीच्या जागी दिलेली केमो कमी पडली होती, तिच्या आधी दिलेली उपयोगी पडली.

आता ही पद्धत आपल्याकडे पसरेल, औषधे जुनी आणि त्या मानाने स्वस्त असल्यामुळे झपाट्याने पसरेल. मला त्यात एक धोका दिसतो. यंत्राची रांग तीन महिन्यांची असेल तर हे सहा आठवडे थांबवून ठेवण्याचा सोयीस्कर बहाणा ठरतील. ‘तोवर केमो चालू आहे ना’ असे म्हणत सातवा आठवडा दहावा होईल, दहावा चौदावा. चाचणीतला फायदा सातव्या आठवड्याचा आहे. म्हणून पहिल्या केमोची सलाइन लावण्याआधीच रेडिओथेरपीच्या टेबलावरची तारीख त्या बाईच्या केसपेपरवर लिहिलेली आहे की नाही, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.